आवडाबाईने पाईपाला गप्प केलं

रत्नागिरीच्या मच्छीमार्केटात आवडाबाईच्या आवाजापुढे दुसरा आवाज टिकत नसे. ती टोपली उतरवून बसली आणि एकदा "ताजे सौंदाळे, या गो बायांनो" म्हणून ओरडली की आजूबाजूच्या बायका तोंड मिटून पानाला चुना लावायला घेत. उगाच घसा कशाला फोडायचा? अशी ही बाई, आणि तिला जेरीस आणलं कुणी म्हणाल, तर एका पाईपाने. हसू नका. राखाडी रंगाचा, प्लास्टिकचा, वीतभरसुद्धा रुंद नसलेला सांडपाण्याचा पाईप. त्याने त्या बाईच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आवडाबाईचा नवरा गंगाराम तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, ज्याच्या शब्दावर खलाशी जाळं टाकतात आणि ओढतात. भाट्याच्या खाडीपलीकडे त्याचं घर, आणि घराच्या पायरीवरून दिसेल अशी किनाऱ्याला ओढलेली बोट. आदल्या हंगामात जाळं ओढताना त्याच्या छातीत कळ आली आणि गडी बोटीतच आडवा झाला. डॉक्टरांनी बरा केला, पण बजावून सांगितलं, "तांडेल, पुन्हा जाळ्याला हात लावलात तर मला बोलवायला येऊ नका, भटाला बोलवा."

आवडाबाईने ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले. तिला नवरा पक्का ठाऊक. डोळ्यांसमोर बोट असली की हा एक दिवस लुंगी खोचून चढणारच. मुलगा रघू मिरजोळ्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि त्याने नाचणे गावाच्या रस्त्याला एका नव्या तीनमजली बिल्डिंगीत तळमजल्याची जागा भाड्याने घेतली होती. तिने घराला कुलूप लावलं, भांडीकुंडी टेम्पोत घातली आणि नवऱ्याला घेऊन लेकाकडे आली. समुद्र दिसत नाही, लाटेचा आवाज येत नाही, बोट नजरेआड. तिला वाटलं, जिंकली.

गंगाराम मुकाट आला, पण त्या जागेला तो कधी घर म्हणत नसे. 'तुज्या लेकाची खोली' म्हणायचा. रागात असला की 'ही खोकी' म्हणायचा.

त्या बिल्डिंगीची एक गंमत होती. नगरपालिकेचं पाणी दुपारी यायचं. नळ फुसफुसला की तीनही मजल्यांवर एकच धांदल उडे. कुणी पिंप भरतोय, कुणी धुणं आपटतंय, राहिलेल्या आंघोळी उरकतायत. आणि नेमकी तीच गंगारामची झोपेची वेळ. आयुष्यभर पहाटेच्या भरतीला बोट काढलेला माणूस तो, त्याची खरी झोप जेवणानंतरची. आणि वरच्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी घेऊन खाली येणारा तो पाईप कुठून जात होता? आतल्या खोलीच्या कोपऱ्यातून, भिंतीला चिकटून. बांधणाऱ्या कंत्राटदाराने बाहेरची भिंत सुंदर दिसावी म्हणून पाईप आत घेतला होता. बघा अक्कल!

पहिल्याच दुपारी गंगाराम त्या खोलीत चटईवर आडवा झाला. जरा डोळा लागतो न लागतो तोच वर कुणीतरी बादली उपडी केली. पाईपातून 'गडगडगड' करत पाणी उतरलं, खालच्या वळणाला आपटलं आणि 'गळक गळक' करत बाहेर गेलं. गंगाराम ताडकन उठला.

"पाणी शिरला! पाणी शिरला! उपसा रे, उपसा!"

आवडाबाई धावत आली. बघते तर नवरा पितळेचा तांब्या घेऊन कोरडी फरशी उपसतोय. तिला आधी हसू फुटलं. मग तिने त्याचं तोंड पाहिलं, आणि हसू घशातच राहिलं. तो घामाने भिजला होता.

तिला कळलं. ती सोडून दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. पुष्कळ वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी त्यांची जुनी बोट फुटली होती. गंगाराम फळीवर झोपला होता आणि त्याच्या उशाखाली असंच गडगड पाणी शिरलं. तो पोहून बाहेर आला. त्याचा धाकटा भाऊ बाबल्या आला नाही. बाबल्याचा पोरगा भागोजी तेव्हा आईच्या कडेवर होता. गंगारामने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, आणि आता नवी बोट भागोजीच वल्हवत, चालवत होता. पण कागदावर आणि मनात तांडेल अजून गंगारामच.

"काय नाय हो, वरचा पाणी हाय ता. मोरीचा," आवडाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

"ठाऊक हाय मला," गंगाराम खेकसला. "कानाला ठाऊक हाय. हाडांना नाय."

मग रोज तेच. रोज दुपारी नळ आला की पाईप गर्जायचा आणि गंगाराम दचकून उठायचा. झोप नाही, अन्नावर वासना नाही. चेहरा सुकटासारखा सुकत चालला. बाहेरच्या खोलीत चटई घातली, तर आवाज भिंतीतून तिथेही आला. रघूने कानात घालायला कापसाचे बोळे आणले. गंगारामने ते खिडकीतून भिरकावले. "पाणी ऐकू येत नाय तो तांडेल कसला? उद्या खरोखर पाणी शिरला म्हणजे?" आता तळमजल्याच्या फ्लॅटात कुठलं पाणी शिरणार? पण वाद घालून उपयोग नव्हता.

आवडाबाई वरच्या मजल्यावर गेली. तिथे सावित्रीबाई राहायच्या, मूळच्या राजापूरच्या, शाळेत शिकवायच्या. बाई भल्या होत्या, पण आवडाबाईची बोलायची रीत बाजारातली.

"बाई, दुपारचा पाणी ओतू नका."

"अहो, पण पाणी येतंच दुपारी! शाळा सकाळची. मी आंघोळ कधी करायची मग?"

"ता मी काय सांगू? माज्या माणसाला झोप नाय."

"आणि माझ्या अंगाला पाणी नाही, ते?"

झालं. शब्दाला शब्द लागला. दोघी हमरीतुमरीवर आल्या आणि दोघींनी आपापली दारं धाडकन लावून घेतली. मग आवडाबाईने दादू प्लंबरला बोलावलं. दादूने पाईपावर बोटाने टकटक केलं आणि मान हलवली. "मामी, पूर्वी बिडाचे पाईप असायचे. जड. पाणी गेलेलं कळायचं नाही. हे प्लास्टिक पातळ, हे बोलणारच. काही इलाज नाही याला." चहा पिऊन तो गेला.

त्याच संध्याकाळी गंगारामने तोंड उघडलं. भात चिवडत, वर न बघता तो म्हणाला, "भागोजीला निरोप धाडलाय. नारळी पुनवेला मी बोटीवर."

आवडाबाईच्या हातातला डाव खाली पडला. नारळी पुनवेला समुद्राला नारळ देतात आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या बोटी पुन्हा पाण्यात जातात. महिनाभरावर आली होती.

"डॉक्टर काय म्हणाले ता विसरलात?"

"या खोकीत झोपेवाचून मरायचा, त्यापरीस बोटीत मेलेला बरा."

रघूने समजूत घालायचा प्रयत्न केला. बाप उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. आवडाबाई मोरीत भांडी घासत राहिली आणि घासताना रडली. इतक्या वर्षांत समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत तिने किती संध्याकाळी काढल्या होत्या, आणि दर वेळी तो परत आला होता. ह्या वेळी गेला तर येणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. मग तिने डोळे पुसले आणि कोपऱ्यातल्या पाईपाकडे बघून म्हणाली, "मेल्या, तुजा मुडदा पाडला नाय तर नावाची आवडा नाय."

पण तिच्याआधी गंगारामनेच पाईपाला हात घातला. हातपाय गाळून बसणारा गडी तो नव्हे. एके सकाळी पावसाने जरा उघडीप दिली, तर हा कुणाला न सांगता गच्चीवर चढला. बघतो तर काय, पाईप गच्चीतून वर आलेला आणि त्याचं तोंड आभाळाकडे उघडं! वर नुसती जाळीची टोपी. तांडेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, पावसाळ्याचे दिवस, आणि बोटीला असं भोक ठेवतं का कुणी? एवढा पाऊस आत पडतोय, मग पाईप ओरडेल नाही तर काय करेल?

बोटीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायची विद्या त्याच्या हातात होतीच. तो खाडीपलीकडच्या आपल्या वाडीत जाऊन काथ्या, कापूस आणि तेलात शिजवलेली राळ घेऊन आला. लाकडाचा गट्टू तासला, जाळीसकट तोंडात ठोकला, कडेने काथ्या कोंबला, वर राळ थापली. असं काम केलं की समुद्राचा थेंब आत जायचा नाही. खाली उतरला तेव्हा कितीतरी दिवसांनी मिशीला पीळ होता.

"केला बंद," तो म्हणाला. "आता वाढ जेवायला."

दुपारी नळ आला. वर बादल्या उपड्या झाल्या. आणि काय सांगू! आजवर पाईप गडगडत होता, आता तो हंबरायला लागला. पाणी अडकत अडकत, घोट घेत घेत खाली येई. आवडाबाईच्या मोरीतलं पाणी जाळीतून आत ओढलं गेलं आणि खालून गटाराचा असा वास उठला की रात्रपाळी करून आलेला रघू नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला. वर सावित्रीबाईंच्या मोरीतून बुडबुडे यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या रावजींना वाटलं, मोरीत जनावर शिरलं. ते काठी घेऊन उभे राहिले.

सगळी बिल्डिंग जिन्यावर जमली. कुणीतरी तांडेलाला गच्चीवर राळ थापताना पाहिलं होतं. "हे काय चालवलंय तुम्ही? ही काय होडी आहे?" असं जो तो गंगारामला धरून बोलू लागला. तो बिचारा खाली मान घालून उभा.

आवडाबाई पदर खोचून मधे आली. "खबरदार कोण बोलेल तर! माज्या माणसाने रात्रंदिवस पाण्याशी झुंज घेतलीय. तुमच्यातला एक तरी गुडघाभर पाण्यात उतरलाय काय? चुकला असेल, निस्तरू आमी!" आवाज असा की रावजींची काठी हातातून सुटली. लोक पांगले. मग तिने दार लावून घेतलं आणि नवऱ्याकडे वळली.

"काय ओ तांडेल, तुमाला भोक दिसला की बुजवायलाच पायजे काय?"

तिचा स्वयंपाक खोळंबला होता. स्टोव्हात रॉकेल नव्हतं. तिने फणफणत डबा उचलला आणि नरसाळ्यात ओतायला लागली. डबा करायला लागला, 'गळक. गळक. गळक.' धार तुटक पडायची, थांबायची, उडायची. अर्धं रॉकेल फरशीवर सांडलं.

"आता ह्याला काय रोग झाला?" ती म्हणाली. या डब्याला दोन भोकं होती. मोठं ओतायला, आणि समोरच्या कडेला खिळ्याने पाडलेलं बारीक. रॉकेलवाल्याकडूनच ती शिकली होती, वारा जायला बारीक भोक पाडायचं. तिने डबा फिरवून पाहिला. बारीक भोकावर साबणाचा गोळा थापलेला होता, अंगठ्याच्या ठशासकट.

"हा साबण कुणी लावला?"

"मीच," गंगाराम पडेल आवाजात म्हणाला. "भोक होता..."

आवडाबाईने केसातली पिन काढली आणि साबण टोचून भोक मोकळं केलं. पुन्हा डबा कलता केला. धार सुतासारखी सरळ आली. हूं की चूं नाही.

ती बघतच राहिली. हातातला डबा, मग कोपऱ्यातला पाईप, मग पुन्हा डबा. वारा! पाण्याला खाली जायचं तर वरून वारा पाहिजे. वरून मिळाला नाही तर तो मोरीतून ओढून घेणार, आणि ओढताना ओरडणार. तिने डबा खाली ठेवला आणि हातोडी उचलली.

"चला वर. उठा, उठा!"

राळ सुकायच्या आत दोघांनी गट्टू उपटून काढला. आणि गट्टूखाली आणखी काय दिसलं? जाळीच्या टोपीखाली, पाईपाच्या तोंडात आधीपासूनच कावळ्याच्या घरट्याच्या काटक्या, चिंध्या आणि तारा कोंबलेल्या. म्हणजे तांडेल गच्चीवर चढायच्या आधीपासूनच पाईप अर्धा गुदमरलेला होता. गंगारामने हात घालून सगळं उपसून काढलं. खाली सावित्रीबाई बादली घेऊन उभ्या होत्या, भांडणाच्याच तयारीने. आवडाबाई जिन्यातूनच ओरडली, "बाई, ओता!"

"काय?"

"पाणी ओता गो माजे बाय! होता नव्हता तेवढा ओता!"

बाईंनी ओतलं. बुडबुडे नाहीत, वास नाही, घोट घेणं नाही. पाणी नुसतं गडगडत सरळ निघून गेलं. सावित्रीबाईंनी कारण विचारलं तेव्हा आवडाबाईने रॉकेलचा डबाच त्यांच्या हातात दिला आणि भोकावर बोट ठेवून दाखवलं. बाई खुदकन हसल्या. "अहो, हेच मी मुलांना फळ्यावर शिकवते, आणि माझ्याच मोरीत मला सुचलं नाही! उद्या शाळेत हा डबा नेते." त्या दिवशी दोघींचं भांडण मिटलं, आणि वर गेलेल्या डब्याच्या बदल्यात खाली डांगराची भाजी आली.

पण लढाई अजून अर्धीच झाली होती. गळक गळक थांबली, गडगड राहिली होती. गंगारामची झोप अजून मोडत होतीच, आणि पुनव जवळ येत होती. तो बोटीवर जायची भाषा काही सोडेना.

तरी त्याच्यात एक फरक पडला होता. पाईपाला तो आता वैरी समजत नव्हता. रोग झालेली बोट समजत होता. दुपारी पाणी आलं की तो भिंतीला कान लावून बसे. एकदा त्याने आवडाबाईला बोलावलं. "हात ठेव हितं." तिने भिंतीवर तळवा ठेवला. भिंत थरथरत होती.

"पाईप नाय ओरडत गो," तो म्हणाला. "भिंत ओरडते. ह्या लोखंडी पट्ट्या बघ. पाईपाला आवळून भिंतीशी धरलाय. पाणी आला की पाईप हालतो, नि भिंतीवर आपटतो. धक्क्याला बोट लावताना मधे काय घालतो आपण?"

"टायर," आवडाबाई म्हणाली.

"टायर!" गंगाराम म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. किती दिवसांनी हसली ती, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

रविवारी रघूला सुट्टी होती. दादू प्लंबरलाही बोलावलं. तो आधी नाक मुरडत होता, पण तांडेलाने टायरची गोष्ट सांगताच त्याने स्वतःच पाने काढले. "पट्टी ढिली करून मधे रबर? अरे, हे करून बघायला पाहिजे." भागोजीच्या बोटीच्या कुशीला बांधलेला एक जुना टायर गंगारामने आणला होता. त्याच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक लोखंडी पट्टीखाली रबराची घडी घातली, पाईप भिंतीपासून बोटभर सुटा केला. छतातून पाईप खाली येतो तिथेही सिमेंट टोकरून भोवती काथ्याची गादी भरली, म्हणजे तिथेही पाईप घासायला नको.

मग पाईपाला कपडे चढले. आधी जुन्या जाळ्याचे वेढे, घट्ट, एकावर एक. जाळं आणलं तेव्हा सावित्रीबाईंनी जिन्यातूनच विचारलं, "आवडाबाई, मासळीचा वास नाही ना येणार घरभर?" आवडाबाईने ते जाळं सोड्यात उकळलं, रिठ्याने धुतलं आणि गच्चीवर उन्हाच्या तिरिपेत वाळवलं. तरी थोडा वास राहिलाच. ती म्हणाली, "तेवढा असू दे. तेवढ्याने माज्या माणसाला झोप लागेल." जाळ्यावर काथ्याचा दोर, वरपासून खालपर्यंत गुंडाळलेला. जिथे पाणी सगळ्यात जोरात आपटायचं त्या खालच्या वळणाखाली वाळूची पिशवी. आणि ह्या सगळ्याभोवती आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्यांची उभी चौकट, आत ठासून काथ्या. गंगारामने फळ्यांच्या फटी बुजवल्या, आणि ह्या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

"पण वरचा भोक?" आवडाबाईने दम दिला.

"उघडा हाय बाय, उघडा हाय," तो हात जोडून म्हणाला. दादू इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला.

मग परीक्षा. बिल्डिंगीत वर्दी गेली. रावजी तिसऱ्या मजल्यावर, सावित्रीबाई दुसऱ्यावर, बादल्या भरून तयार. खाली गंगाराम फळ्यांना कान लावून. आवडाबाई जिन्यात उभी राहून मच्छीमार्केटच्या आवाजात ओरडली, "सोडा!"

पाणी सुटलं. खाली खोलीत सगळे श्वास रोखून. कुठेतरी लांबून, पलीकडच्या वाडीत कुणी सुपात तांदूळ पाखडतंय, एवढाच आवाज आला.

"अजून सोडा!" आवडाबाई ओरडली.

"सोडलं की हो!" वरून सावित्रीबाई म्हणाल्या. "रिकामी झाली बादली!"

रघूने आईला उचलायचंच बाकी ठेवलं. दादू ते फळ्यांचं खोकं बघत स्वतःशीच मान डोलवत होता. पण आवडाबाईची नजर नवऱ्यावर होती. गंगाराम सरळ झाला, फळ्यांवर थाप मारली आणि म्हणाला, "झाला काम. पण पुनवेचा शब्द मी भागोजीला दिलाय. तो येणार." पाईप गप्प झाला होता, पण माणूस अजून तिचा झाला नव्हता.

नारळी पुनव उजाडली. पाऊस थांबला होता. आवडाबाईने नारळीभात केला, पण तिचं चित्त त्यात नव्हतं. गंगाराम नवा सदरा घालून, टोपी घालून बसला होता. भागोजी दुपारनंतर न्यायला येणार होता. जेवण झालं तेव्हा तो म्हणाला, "जरा पाठ टेकतो." आणि आतल्या खोलीत, त्याच कोपऱ्यात, खोक्याकडे डोकं करून सदऱ्यासकट आडवा झाला.

नळ आला. सणाचा दिवस. तीनही मजल्यांवर पाहुणे. वर बादल्यांवर बादल्या उपड्या होत होत्या. आवडाबाई उंबऱ्याशी बसून नवऱ्याच्या छातीकडे बघत होती. छाती संथ वरखाली होत होती. एकदा त्याने कूस बदलली आणि ती उठून उभी राहिली. तो नुसता घोरायला लागला.

तेवढ्यात भागोजी आला. चांगला उंचापुरा झालेला, बाबल्याची हुबेहूब मान. "काकी, काका?"

आवडाबाईने ओठांवर बोट ठेवलं. भागोजीने आत डोकावून पाहिलं आणि तोही चकित झाला. काकाला असं झोपलेलं त्याने लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. हात पसरून, तोंड उघडं टाकून.

"राहू दे झोपलेले," भागोजी हळूच म्हणाला. "मी सांगेन, काका येऊ शकले नाहीत."

आवडाबाईच्या मनात आलं, खरंच राहू द्यावं. ह्याला जाग यायच्या आत बोटी खाडीबाहेर जातील. हा दिवस टळला की हंगाम टळला. तिने ओठ चावला. पण असा चोरून जिंकलेला नवरा तिला नको होता. हा समुद्रावर गेला तर स्वतःच्या पायांनी जाईल, आणि राहिला तर स्वतःच्या मनाने राहील. तिने वाकून त्याच्या खांद्याला हात लावला.

"उठा. भागोजी आलाय. नारळ द्यायची वेळ झाली."

गंगाराम उठला. शांतपणे, डोळे चोळत. "पाणी आला नाय अजून?" त्याने विचारलं.

"येऊन कधीच गेला," आवडाबाई म्हणाली.

त्याने खोक्याकडे एकवार बघितलं, टोपी नीट केली, दाराआडची गोणी खांद्यावर टाकली आणि निघाला. आवडाबाई मागून गेली, हातात पिशवी, पिशवीत सोनेरी कागद लावलेला नारळ. किनाऱ्यावर सगळी वाडी जमलेली. बोटींना पताका लावलेल्या, ढोल वाजत होते. गंगारामने गुडघाभर पाण्यात उभं राहून नारळ सोडला आणि हात जोडले. मग भागोजीने बोटीवर चढून काकाकडे हात केला, वर घ्यायला.

आवडाबाईने डोळे मिटले नाहीत. बघत राहिली.

गंगारामने बोटीच्या कुशीवरून हात फिरवला. मग मागे वळून किनाऱ्यावर ठेवलेली गोणी उचलली आणि तीतून एक टायर काढला. कोरा, काळाभोर.

"तुजा एक मी कापला होता," तो भागोजीला म्हणाला. "हा बांध. धक्क्याला नीट लाव. आणि ऐक, आजपासून तांडेल तू. बाबल्याच्या पोराची बोट ही."

भागोजी बोटीतून खाली उतरला आणि गुडघाभर पाण्यातच काकाच्या पाया पडला. ढोल जोरात वाजले. बोटी एकामागून एक खाडीच्या तोंडाकडे निघाल्या. बोटी दिसेनाशा होईपर्यंत जुना तांडेल किनारा सोडत नाही, ही वाडीची रीत. गंगारामनेही सोडला नाही. शेवटची पताका दिसेनाशी झाली तेव्हा तो वळला. डोळे ओले होते, पण मिशीला पीळ होता.

"काय रडतेस?" तो आवडाबाईला म्हणाला.

"मी रडतेय? मी?" ती पूर्ण आवाजात ओरडली आणि किनाऱ्यावरचे सगळे वळून बघायला लागले. "माज्या पाईपाला विचारा कोण रडतोय ता!"

गंगाराम हसला. लुंगी झटकून त्याने तिच्या हातातली रिकामी पिशवी घेतली.

"चल, घरी चल," तो म्हणाला. "माजी झोप अर्धी राहिलीय."